आमच्या नाकपुड्यांतील श्वास

मननासाठीं शास्त्रभाग: उत्पत्ति २:७, निर्गम अध्याय १६, योहान २०:१९-२३



उत्पत्तीच्या पुस्तकांत मनुष्याच्या घडणीची जी कथा आहे, ती आपणांपैकीं बहुतेकांस तोंडपाठ आहे. परमेश्वरानें मातीपासून मनुष्य घडविला. परंतु तेवढ्यानें ती माती मनुष्य झाली नाहीं. कुंभाराच्या अंगणांत मडकीं पडलेलीं असतात, तशी ती निश्चळ पडून होती. मग देवानें तिच्या नाकपुड्यांत आपला श्वास घातला, आणि तेव्हां कोठें ती माती उठून उभी राहिली. ही कथा लिहिणाऱ्या पवित्र लेखकास हवेंतील वायूंचीं नांवें ठाऊक नव्हतीं. पण माती आणि मनुष्य यांमध्यें जें अंतर आहे तें एका श्वासाचें आहे, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

इब्री भाषेंत वारा, श्वास व आत्मा या तिन्ही अर्थांनीं ‘रूआख’ हा एकच शब्द येतो, आणि ग्रीक भाषेंतील ‘न्यूमा’ या शब्दाचेंहि तसेंच आहे. आपल्या मराठींत तरी निराळें काय आहे? प्राण म्हणजे श्वास, आणि प्राण म्हणजेच जीव. मनुष्य मेला म्हणजे त्याचा प्राण गेला, असें आपण म्हणतों. आणि हवेंतील ज्या वायूवर आपण जगतों, त्यास आपल्या विद्वानांनीं प्राणवायु हेंच नांव दिलें. तरी हवा ही आपणांस इतकी जवळची झाली आहे कीं तिच्याकडे आपलें कधीं लक्ष जात नाहीं. म्हणून आज तीन प्रश्न आपण क्रमानें घेऊं: हवा कशाची बनली आहे? ती आपणांस कशा रीतीनें मिळते? आणि तिच्यासंबंधानें आपणांवर कोणतें कर्तव्य येतें?

१. हवा कशाची बनली आहे?

आमच्या देशांतील जुन्या विद्वानांनीं वायूस पंचमहाभूतांपैकीं एक मानिलें, आणि ग्रीक लोकांनीं चार मूलतत्त्वांपैकीं एक मानिलें. हवा ही एकच अखंड वस्तु आहे, असा शेंकडों वर्षांचा समज होता. तो समज अठराव्या शतकांत मोडला, आणि तो मोडणाऱ्यांमध्यें एक ख्रिस्ती पाळक होता. जोसेफ प्रीस्टली हा इंग्लंडांतील स्वतंत्र मंडळ्यांचा उपदेशक. १७७१ सालीं त्यानें बंद काचपात्रांत मेणबत्ती विझेपर्यंत जळूं दिली, आणि त्या निरुपयोगी झालेल्या हवेंत पुदिन्याची एक डहाळी ठेविली. कांहीं दिवसांनीं पाहतो तों त्याच हवेंत दुसरी मेणबत्ती पुन्हां जळूं लागली. तीन वर्षांनीं, १७७४ सालीं, त्यानें पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगांतून आलेल्या उन्हानें तापविलें, आणि त्यांतून असा एक वायु निघाला कीं त्यांत मेणबत्ती लखलखून जळे. स्वीडन देशांतील शेले नांवाच्या औषधें तयार करणाऱ्या गृहस्थानें हाच वायु त्याच्याहि आधीं स्वतंत्रपणें मिळविला होता; आणि फ्रान्समधील लाव्हाझिए यानें त्याचा खरा उलगडा करून त्यास ऑक्सिजन हें नांव दिलें. आपण ज्यास प्राणवायु म्हणतों तो हाच.

आतां कोरडी, स्वच्छ हवा शंभर पायल्या मोजून घेतली, असें समजा. तींत सुमारें ७८ पायल्या नत्रवायु, म्हणजे नायट्रोजन, निघेल. सुमारें २१ पायल्या प्राणवायु निघेल. आणि उरलेल्या एका पायलींत बाकीचे सारे वायु दाटीवाटीनें बसतील. त्या एका पायलीचाहि बहुतेक भाग आर्गॉन नांवाचा वायु घेतो. कर्बवायु, ज्यास शाळेंत कार्बन डायॉक्साइड म्हणून शिकवितात, तो इतका थोडा कीं दहा हजार पायल्यांत चार पायल्यांहून थोडा अधिक भरावा. यांशिवाय पाण्याची वाफ असते; ती वैशाखांत कमी, आषाढांत पुष्कळ, अशी ऋतूप्रमाणें बदलत राहते.

हा हिशेब ऐकून कोणी विचारील, ज्यावर आपण जगतों तो प्राणवायु जेमतेम पांचवा हिस्सा, आणि ज्याचा श्वासास उपयोग नाहीं तो नत्रवायु जवळजवळ चार हिस्से, हें असें कां? याचें उत्तर असें कीं, नुसत्या प्राणवायूंत लोखंडाची बारीक तारहि पेट घेते. सारी हवा तशी असती, तर चुलींतून उडालेली एक ठिणगी कडब्याची गंज, छप्पर आणि गांव खाऊन टाकती. नत्रवायु त्या उग्रतेस आंवर घालतो. ज्यानें विस्तव दिला, त्यानेंच विस्तवास लगामहि दिला.

आणखी, नत्रावांचून पीक नाहीं आणि मनुष्याचें मांसहि नाहीं. पण नवल हें कीं, नत्राच्या समुद्रांत उभें असलेलें बाजरीचें ताट नत्रासाठीं भुकेलें असतें. कारण हवेंतील नत्र त्यास आपलें आपण घेतां येत नाहीं. हरभरा, तूर किंवा भुईमूग यांचें झाड मुळासकट उपटून पाहा; मुळांवर बारीक गांठी दिसतील. त्या गांठींत डोळ्यांस न दिसणारे जंतु राहतात, आणि ते हवेंतील नत्र धरून तें झाडास घेण्याजोगें करून देतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, असें आपले वाडवडील म्हणत आले, त्याचें कारण हेंच. उपदेशक बंधूंनो, या गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. देवाची कृपा आपल्या खेड्यांभोंवतीं हवेसारखी पसरलेली आहे. तरी कित्येक जीव तिच्यामध्यें उभे राहून उपाशी आहेत. त्यांच्या मुळाशीं जाऊन, मातीखालीं, कोणाच्या नजरेस न पडतां काम करणारा पाहिजे. असें काम तुमच्या वांट्यास आलें असेल, तर तें हलकें समजूं नका. शेत हिरवें होतें तें त्याच कामानें.

आर्गॉन हें नांव ग्रीक भाषेंत ‘आळशी’ या अर्थाचें आहे. १८९४ सालीं रॅले व रॅम्से या दोघां ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं तो शोधून काढिला. आणि तो कोणाशींच मिसळून नवा पदार्थ करीत नाहीं असें पाहून त्यास हें नांव मिळालें. पण आज जोडकाम करणारा कारागीर तोच वायु तापलेल्या धातूभोंवतीं सोडतो, आणि तेवढ्यानें धातु जळण्यापासून वांचते. जो कोणाशीं झोंबत नाहीं, त्याचाहि राखणीस उपयोग होतो.

राहिला कर्बवायु. दहा हजारांत चार म्हणजे काय मोठेंसें? तथापि सर्व हिरवीं पानें याच चिमूटभर वायूवर आपलें शरीर बांधितात. आपल्या ताटांतील भाकर ही ऊन, पाणी आणि हा वायु यांचीच झालेली आहे. याच वायूनें आणि पाण्याच्या वाफेनें पृथ्वीभोंवतीं घोंगडी पांघरली आहे. ही घोंगडी नसती, तर पृथ्वीची सरासरी उष्णता शून्याखालीं सुमारें १८ अंशांवर गेली असती, असा विद्वानांचा हिशेब आहे. ती आज शून्यावर सुमारें १५ अंश आहे. मोहरीचा दाणा व खमीर यांचे दाखले प्रभूनें उगीच दिले नाहींत. थोडें म्हणून जें आपण मोजीत नाहीं, त्यावर पुष्कळ अवलंबून असतें.

२. ती आपणांस कशी मिळते?

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य एका मिनिटांत सुमारें १५ वेळां श्वास घेतो. याप्रमाणें दिवसरात्रीचे २१,६०० श्वास होतात. आमच्या देशांतील योगमार्गी लोकांनींहि हीच संख्या सांगून ठेविली आहे. प्रत्येक श्वासांत सुमारें अर्धा लिटर हवा आंत जाते, म्हणजे दिवसास दहा हजार लिटरांहून अधिक हवा आपल्या छातींतून ये-जा करिते. आंत जाणाऱ्या हवेंत प्राणवायु शंभरांत २१ असतो. बाहेर येणाऱ्या हवेंत तो सुमारें १६ उरतो, आणि कर्बवायु सुमारें ४ होतो. तो घेतलेला प्राणवायु रक्तांतून सर्व अंगांत जातो, आणि खाल्लेलें अन्न त्याच्या योगानें मंदपणें जळून ऊब व बळ देतें.

या दानांत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, तें सांठवितां येत नाहीं. अरण्यांत इस्राएल लोकांस मान्ना मिळत असे, तो रोजचा रोज गोळा करावा लागे. उद्यांसाठीं लोभानें ठेविला तर त्यांत किडे पडत. श्वासाचा नियम त्याहूनहि कडक आहे. अन्नावांचून मनुष्य कित्येक दिवस काढील, पाण्यावांचून थोडे दिवस काढील, पण हवेवांचून तो कांहीं मिनिटांहून अधिक राहूं शकत नाहीं. सावकाराच्या पेढींत कितीहि ठेव असो, श्वासांची ठेव कोणापाशींच नाहीं. आपण क्षणोक्षणीं देवाचे ऋणी आहों.

दुसरी गोष्ट ही कीं, तें मागण्याआधींच मिळतें. निजलेल्या मनुष्यास, नुकत्याच जन्मलेल्या बालकास, देवास शिव्या देणाऱ्या मनुष्यासहि तें मिळत असतें. स्वर्गांतील पिता चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच सूर्य उगवितो, असें प्रभूनें डोंगरावर शिकविलें. त्या शिकवणीचा दाखला आपल्या नाकाशींच आहे.

आणि तिसरी गोष्ट ही कीं, तें वांटून घेतल्यावांचून घेतांच येत नाहीं. ही गोष्ट आपल्या लोकांनीं विशेष मनन करण्याजोगी आहे. या देशांत मनुष्यांनीं पाणी वांटलें, रस्ते वांटले, स्मशानेंहि वांटलीं. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला. नाशिकांत काळाराम मंदिराच्या दाराशीं १९३० सालीं सुरू झालेला सत्याग्रह कित्येक वर्षें चालला. आणि १९३५ सालीं याच जिल्ह्यांतील येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं धर्मांतराचा निश्चय जाहीर केला. परंतु इतकें करूनहि हवेचा पाणवठा कोणास निराळा करितां आला नाहीं. ज्यास शिवूं नये असें म्हटलें, त्याच्या छातींतून निघालेला वायु वाऱ्याबरोबर जाऊन शिवूं न देणाऱ्याच्या छातींत शिरला. तेथून निघाला तो झाडाच्या पानांत गेला. पानांतून पुन्हां दोघांच्याहि घरीं आला. देवानें प्रत्येकास जीवन व श्वास दिला आणि एकापासून सर्व राष्ट्रें केलीं, असें पौलानें अथेन्सच्या विद्वानांस सांगितलें. तें आपलें रक्त सांगतें, आणि आपला श्वासहि सांगतो.

म्हणून आम्ही आपणांस स्नेहानें, परंतु स्पष्टपणें विचारतों: आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवितांना अद्यापि जुनी जात विचारिली जाते कीं नाहीं? प्रभुभोजनाच्या मेजाशीं एका प्याल्यास ओंठ लावणारे घरीं गेल्यावर एका पंक्तीस बसतात कीं नाहीं? बाहेरच्यांनीं आपणांस विहिरीवरून हांकून दिलें, ही तक्रार खरी आहे. पण आपण आपल्यांतच नवी विहीर निराळी करूं लागलों, तर मंदिरांत आपण जी हवा एकत्र घेतों तीच आपणांविरुद्ध साक्ष देईल.

३. आपणांवर कोणतें कर्तव्य येतें?

जें सर्वांचें, तें राखणें हें सर्वांचें काम आहे. आणि जें सर्वांचें काम, तें बहुधा कोणीच करीत नाहीं. काइनानें देवास उलट विचारिलें कीं, मी भावाचा राखणदार आहें काय? हाच प्रश्न हवेच्या संबंधानें आज आपणांपुढें आहे.

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचें उदाहरण घ्या. १९७० च्या सुमारास तेथें पहिले संच सुरू झाले. ते दोन जुने संच पुढें बंद करण्यांत आले. १९७९ ते १९८१ या काळांत प्रत्येकीं २१० मेगावॉटचे आणखी तीन संच उभे राहिले. तेथें रेल्वेनें कोळसा येतो, त्याची पूड करून ती जाळितात, त्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते, आणि वाफेच्या जोरानें चाकें फिरून वीज निघते. त्या विजेनें शेतांतील पंप चालले, मुलांनीं दिव्याखालीं अभ्यास केला, आणि पुष्कळ घरांची चूल तेथील मजुरीवर पेटली. हा उपकार आम्ही नाकारीत नाहीं. आणि ज्यांची भाकर त्या केंद्रावर आहे, त्यांस धुराविषयीं नुसतें रागें भरणें हें दयेचें काम नव्हे.

परंतु जळलेली वस्तु नाहींशी होत नाहीं, हेंहि खरें आहे. १२ किलो कर्ब जळतांना हवेंतून ३२ किलो प्राणवायु ओढून घेतो, आणि त्याचा ४४ किलो कर्बवायु होतो. आपल्या देशांतील कोळशांत पुष्कळदां शंभरांत ३० ते ४० भाग राख असते. त्या राखेचा मोठा भाग यंत्रांनीं धरितां येतो, आणि तिच्या विटा व सीमेंटहि होतें. पण जो बारीक कण निसटतो, तो छातींत खोल जाऊन बसतो. गंधकापासून होणारा उग्र वायु निराळाच. निर्गमाच्या पुस्तकांत मोशेनें भट्टींतील राख आकाशाकडे उधळली आणि तिची धूळ होऊन मनुष्यांच्या व जनावरांच्या अंगावर फोड उठले, ती गोष्ट आपण वाचतों. आकाशाकडे उधळलेली राख आकाशांत राहत नाहीं. ती कोणाच्या तरी अंगावर उतरते. १९८१ सालीं हवेच्या राखणीसाठीं देशांत कायदा झाला. आणि २०१९ सालीं केंद्र सरकारनें स्वच्छ हवेसाठीं जी योजना सुरू केली, तींत नाशिक शहराचें नांव आहे. भाकर आणि श्वास यांपैकीं एकच निवडा, असें गरिबास सांगणें हा अन्याय आहे. दोन्ही मागण्याचा त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क शांतपणें, एकजुटीनें व कागदोपत्रीं मागणें हें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें.

कर्बवायूची गोष्ट तर एका गांवाची नाहीं. कारखाने सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली, तेव्हां ते सुमारें ३१५ होते. आतां ते ४२० च्या वर गेले आहेत. घोंगडी जाड होत चालली आहे, आणि तिच्याखालीं सारी पृथ्वी तापत आहे. ज्यांनीं कोळसा सर्वांत थोडा जाळिला, त्या कोरडवाहू शेतकऱ्यांसहि तो ताप सोसावा लागतो.

दूरच्या धुराविषयीं बोलतांना घरांतील धूर विसरूं नये. निफाडाकडे हिंवाळ्यांत थंडी किती कडक पडते, हें आपणांस ठाऊक आहे. द्राक्षबागा वांचविण्यासाठीं शेतकरी रात्रीं शेकोट्या पेटवितात. अशा रात्रीं कांहीं लोक पेटती शेगडी खोलींत घेऊन दारें-खिडक्या लावून निजतात. असें कधींहि करूं नका. हवा अपुरी पडली म्हणजे कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील ज्या द्रव्यास प्राणवायु चिकटतो, त्यास तो दोनशेंपटींहून अधिक बळानें चिकटतो. निजलेला मनुष्य गुदमरल्याची जाणीवहि न होतां निजलेलाच राहतो. चुलीचा धूर बाहेर जाण्यास वाट ठेवा; तो आधीं बायकांच्या व लेंकरांच्या छातींत जातो.

पडीक विहीर, पेंव, आणि मैल्याची टांकी यांविषयींहि सावध राहा. कर्बवायु हवेच्या सुमारें दीडपट जड आहे. तो खोलगट जागीं सांचतो. जेथें घाण कुजते तेथें प्राणवायु खर्चून जातो आणि विषारी वायु भरतात. प्राणवायु शंभरांत दहाच्या खालीं गेला म्हणजे मनुष्य थोडक्या वेळांत बेशुद्ध होतो. एक खालीं उतरून पडतो, त्यास काढण्यास भाऊ उतरतो, भावास काढण्यास शेजारी उतरतो, आणि एका घराऐवजीं तीन घरें रडतात. दिवा सोडून पाहिला आणि तो जळत राहिला, एवढ्यानें जागा निर्धोक ठरत नाहीं; कारण प्रत्येक विषारी वायु दिव्यास कळत नाहीं, आणि कोणता वायु ज्योतीनें पेटहि घेईल. अशा ठिकाणीं योग्य साधनांवांचून कोणीं उतरूं नये, आणि अग्निशामक दलास बोलवावें. मनुष्यास मैल्याच्या टांकींत साधनांवांचून उतरविणें हें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. कोणत्या वस्तींतील मनुष्यास आजपर्यंत हें काम सांगण्यांत आलें, हें आपणांस निराळें सांगावयास नको. ज्याच्या नाकपुड्यांत देवानें स्वतः श्वास घातला, त्यास दोन दिवसांच्या मजुरीसाठीं गटारांत गुदमरूं देणें हें देवाच्या हातच्या कामाची विटंबना करणें आहे. आमच्या तरुणांनीं असें काम नाकारावें, आणि नाकारणाऱ्याच्या घरीं चूल पेटेल याची काळजी मंडळीनें घ्यावी.

आतां एका दुःखाच्या गोष्टीविषयीं बोललें पाहिजे. २१ एप्रिल २०२१ या दिवशीं, करोनाच्या सांथींत, नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूची टांकी भरतांना गळती झाली. हा प्राणवायु हवेंतूनच काढिलेला असतो. हवा अतिशय थंड करून तो निराळा करितात, आणि शून्याखालीं सुमारें १८३ अंशांवर तो पाण्यासारखा पातळ होतो. त्याच्या एका लिटरापासून साधारण ८६० लिटर वायु होतो. गळती होतांच त्याच्या थंडीनें हवेंतील वाफ गोठून पांढरे ढग उठले, आणि आंत नळ्यांतील दाब उतरला. त्या दिवशीं २२ रुग्णांचे प्राण गेल्याचें जाहीर झालें. बाहेर अंगणांत प्राणवायु ढगासारखा उधळत होता, आभाळ त्यानें भरलेलें होतें, आणि आंत मनुष्यें त्याच्याच अभावीं मरत होतीं. कारण त्यांच्या आजारी छातीस शंभरांतील २१ भाग पुरत नव्हते.

त्या दिवशीं देव कोठें होता, असें कोणी विचारिलें तर आम्ही त्यास गप्प बसवीत नाहीं. असाच प्रश्न प्रभूच्या काळीं लोकांच्या मनांत आला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें चेंगरून मेलीं, तेव्हां प्रभूनें स्पष्ट सांगितलें कीं, तीं यरुशलेमांतील इतरांपेक्षां अधिक पापी नव्हतीं. मेलेल्यांचा दोष शोधूं नका. जिवंत आहां ते तुम्ही आपलीं मनें फिरवा, हा त्याच्या उत्तराचा सारांश आहे. आपणांसहि तेंच उत्तर पुरे. जो थोडक्यांत विश्वासू, तो पुष्कळांतहि विश्वासू, ही शिकवण आपण शाळेंत मुलांकडून पाठ करून घेतों. आपलीं मुलें आज दवाखान्यांत परिचारिका आहेत, कारखान्यांत फिटर आहेत, टँकरवर चालक आहेत. त्यांस सांगा कीं, प्रत्येक झडप, प्रत्येक नळी आणि प्रत्येक आटा यांवर कोणाचा तरी श्वास टांगलेला असतो. देवळांतील प्रार्थना जितक्या भक्तीनें करावी, तितक्याच भक्तीनें तो आटा आंवळावा. तीहि उपासनाच आहे.

शेवटीं प्रभूकडे पाहूं. वधस्तंभावर त्यानें मोठ्यानें आरोळी मारून प्राण सोडिला. म्हणजे श्वास कोंडणें काय असतें, हें त्यास ठाऊक आहे. ज्या घरांत कोणी खोकून, धापा टाकून मेलें, त्या घरच्यांनीं हें विसरूं नये. मग पुनरुत्थानाच्या दिवशीं संध्याकाळीं शिष्य दारें लावून भीतीनें बसले होते, तेथें तो आंत येऊन उभा राहिला. त्यानें त्यांस शांति दिली, त्यांच्यावर फुंकर घातली, आणि पवित्र आत्मा घ्या असें सांगून त्यांस जगांत पाठविलें. पहिल्या बागेंत मातीवर घातलेला श्वास त्यानें त्या कोंडलेल्या खोलींत पुन्हां घातला. तो त्यांनीं आंत धरून ठेवावा म्हणून दिला नव्हता. श्वासाचा धर्मच असा कीं, जो घेतला तो सोडावा लागतो; जो सोडीत नाहीं, त्यास दुसरा घेतां येत नाहीं. कृपेचेंहि तसेंच आहे.

म्हणून, प्रिय जनहो, या आठवड्यांत तीन गोष्टी करा. रोज सकाळीं अंथरुणावरून उठण्यापूर्वीं एक श्वास सावकाश घ्या, आणि तो कोणी दिला हें स्मरून उपकार माना. आपल्या घरांतील धुरास वाट आहे कीं नाहीं तें पाहा, आणि दाराशीं एक झाड लावून त्यास पाणी घाला. आणि ज्या शेजाऱ्याशीं बोलणें टाकिलें असेल, त्याच्या ओटीवर जाऊन बसा; कारण त्याचा श्वास तुम्ही आजपर्यंत घेतच आलां आहां.

ज्यानें मातीस श्वास दिला, तो देव तुमच्या घरांस, तुमच्या शेतांस आणि तुमच्या आकाशास निर्मळ राखो, आणि आपला आत्मा तुम्हां सर्वांस पुरवो. आमेन.